घाटावर रेल्वे येताना

माझं माहेर घाटावर, चिखली तालुक्यात. सासर घाटाखाली, नांदुऱ्याला. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केलेत. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात तालुके खाली, पूर्णेच्या काळ्या सपाटीत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे सहा वर. मुंबई-नागपूर रेल्वे खालून जाते. वरच्या सहा तालुक्यांत रुळाचा तुकडाही नाही, आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बुलढाणा वरच आहे.

लग्न होऊन खाली येईपर्यंत रेल्वे ही मला शेगावच्या वारीपुरती ठाऊक होती. आमचे नाना कापूस खामगावला न्यायचे. त्यांच्या लहानपणी गाड्या जुंपून, रात्री मुक्काम करत, पुढे ट्रकनं. खामगावची कापसाची पेठ एके काळी वऱ्हाडात पहिल्या क्रमांकाची. मुख्य लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, पण खामगाव त्याच्या दक्षिणेला पडलं. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरची शाखा टाकली गेली आणि १८७० मध्ये ती सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून तीन वर्षांत फाटा झाला. तो फाटा खामगावलाच संपतो. तिथून पुढे चिखली, देऊळगाव राजा करत जालन्यापर्यंत नेण्याची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. नानांनी ती त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती. मी नानांच्या तोंडून ऐकली.

मी अकोल्याला एका खासगी शाळेत शिकवायचे. नांदुऱ्याहून सकाळची पॅसेंजर आणि संध्याकाळी परत, असं बरीच वर्षं केलं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात, आणि करणारे ते अप-डाऊनवाले. मासिक पास काढलेली माणसं ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी. जलंबला खामगावच्या शटलमधून उतरलेल्या बाया चढायच्या. शेगावला निम्मा डबा रिकामा व्हायचा आणि तेवढाच पुन्हा भरायचा. नागझरी, पारस, गायगाव अशी बारकी स्टेशनं घेत गाडी अकोल्यात शिरायची. डब्यात भाजी निवडली जायची, वह्या तपासल्या जायच्या, भिशी उघडायची. दवाखान्याची फाईल मांडीवर घेऊन बसलेलं कुणी ना कुणी रोजच असायचं. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ ही दोन्ही माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांच्या आवाक्यात आली ती या एका गाडीमुळे. शिपायाची नोकरी करणारा माणूस पगारातून पासाचे पैसे काढू शकत होता. रोजच्या बसचे काढू शकला नसता.

माझ्या दोन्ही भाच्या चिखलीला. थोरली हुशार होती. बारावीनंतर तिला अकोल्याला शिकायचं होतं. चिखली ते खामगाव बस, खामगावहून पुढे दुसरी बस, आणि परतताना अंधारात घाट. वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. ती गावातच जे मिळालं ते शिकली. माझ्या पुतणीनं मात्र नांदुऱ्याहून रोज जाऊन येऊन अकोल्यात पदवी घेतली. दोघी एकाच वयाच्या, मार्कही जवळपास सारखेच. दोघींच्या घरांमध्ये फरक होता तो फक्त रुळाचा. रेल्वेच्या खर्चावर कुणी बोलायला लागलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी या दोन मुली येतात.

मार्च २०२० मध्ये देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. साथीत ते समजण्यासारखं होतं. पण साथ ओसरल्यावर गाड्या परत आल्या त्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत. पॅसेंजर आधी ‘विशेष’ झाल्या, मग ‘एक्सप्रेस’. डबे तेच, वेगही जवळपास तोच, पण कमीत कमी तिकीट दहा रुपयांवरून तीस रुपये. मासिक पास कित्येक महिने बंद. ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली ती गेलीच. देशभर बारक्या स्टेशनांवरचे थांबे कमी झाले. त्यामागचा हिशेब असा की गाडी एकदा थांबवून पुन्हा वेगात आणायला वीज लागते, वेळ जातो, मागची गाडी अडते. मग त्या थांब्यावर तितक्या पैशांची तिकिटं खपतात का ते पाहायचं, आणि खपत नसतील तर थांबा काढायचा.

कागदावर हा हिशेब चुकीचा नाही. आमच्या डब्यात तो कसा उतरला ते मी पाहिलं. नागझरीकडची एक बाई अकोल्यात चार घरी स्वयंपाक करायची. जाऊन-येऊन साठ रुपये पडायला लागल्यावर तिनं दोन महिने ओढलं आणि मग काम सोडलं. माझ्याच शाळेतल्या दोघी शिक्षिकांनी नोकरी सोडली, कारण विनाअनुदानित शाळेचा पगार आणि बसचं भाडं यांचा मेळच बसेना. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस दहा रुपयांचं तिकीट परत आलं. ती स्वयंपाकाची बाई परत आली नाही. तिची घरं तोवर दुसऱ्यांनी धरली होती. थांब्याचा किंवा भाड्याचा निर्णय दोन-चार वर्षांनी मागे घेता येतो, पण सुटलेली नोकरी त्याच्यामागे परत येत नाही. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात लिहिला जात नाही.

म्हणून खामगाव-जालना मार्गाचं सर्वेक्षण पुन्हा होणार, असं दादानं २०२१ नंतर फोनवर सांगितलं तेव्हा आनंद झाला आणि काळजीही वाटली. सर्वेक्षणं आमच्याकडे नवी नाहीत. या मार्गाची मोजणी याआधीही झाली आणि दर वेळी उत्तर एकच आलं की उत्पन्नाचा दर बसत नाही. नवा मार्ग मंजूर करायचा तर गुंतवलेल्या पैशावर वर्षाला १४ टक्के परतावा दिसला पाहिजे, असा रेल्वेचा जुना दंडक. देशातले कितीतरी ग्रामीण मार्ग या आकड्याखाली गाडले गेले. या वेळी जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री होते, बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव मागणी लावून धरत होते, चिखली-खामगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं आणि उपोषणं केली होती. त्यामुळे फाईल हलली. सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग, ४,९०० कोटींच्या आसपासचा खर्च आणि त्यातला निम्मा वाटा राज्य सरकारनं उचलायचा, इथवर गोष्ट आली.

दादाचं चिखलीच्या बाजार समितीत अडतीचं दुकान आहे. सर्वेक्षणवाले बाजार समितीत माहिती घ्यायला आले त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून दुकानात जाऊन बसले. त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. सोयाबीन किती येतं, कुठं जातं, खताचे ट्रक वर्षाला किती, सिमेंट कुठून येतं, सरकी आणि ढेप कुणीकडे जाते. दादानं वह्या काढून दाखवल्या. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं पिकतं आणि ते जालन्याच्या बियाणे कंपन्यांकडे जातं, हेही कुणीतरी सांगितलं. मग प्रवाशांचा विषय निघाला. चिखलीहून खामगावला, जालन्याला रोज किती बस जातात आणि त्यांत किती माणसं असतात, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बसमध्ये बसलेली माणसं मोजाल, जी बसलीच नाहीत त्यांचं काय? माझी भाची कुठल्या बसमध्ये सापडेल तुम्हाला?”

ते गृहस्थ चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “ताई, आम्हाला आकडा लिहावा लागतो. अंदाज फुगवला तर वरचे खोडतात.”

शेजारच्या दुकानातले एक म्हातारे शेतकरी तेवढ्यात बोलले, “साहेब, गाडी तं पायजेच. पण टेसन गावापासून दहा कोसावर ठेवसान तं आमाले काय उपेग?”

मला त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटलं. रेल्वे येणं आणि रेल्वे उपयोगाची असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर नियोजनाच्या टेबलावर खर्च कापताना तयार होतं.

रस्त्यावर आज दिसणारी वर्दळ मोजून उद्याच्या गाडीचा अंदाज बांधला तर तो कमीच येतो. परदेशातही हे घडलं आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोहून दक्षिणेच्या डोंगराळ भागात जाणारा लोहमार्ग तोट्याचा म्हणून १९६९ मध्ये बंद केला. लोकांनी मागणी सोडली नाही, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ट्वीडबँकपर्यंतचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग पुन्हा सुरू झाला. ट्वीडबँक स्टेशनाचा पहिल्या काही महिन्यांचा जो अंदाज बांधला होता, त्याच्या कितीतरी पट प्रवासी आले, आणि पहिल्याच वर्षात मार्गावरचे प्रवासी दहा लाखांपलीकडे गेले. पण बांधताना खर्च वाचवायला बहुतेक मार्ग एकेरी ठेवला होता. गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचा दुहेरी भागही आखणीत कमी केला होता, आणि कित्येक नवे पूल एका रुळापुरतेच बांधले होते. एका गाडीला उशीर झाला की समोरचीही अडकायची. गाड्या वाढवायला जागाच उरली नाही. वाचवलेल्या पैशाची किंमत प्रवासी रोज भरू लागले.

आमचाही मार्ग एकेरीच होणार, आणि सुरुवातीला तेवढा पुरेल. पण एकेरी मार्गावर दर काही किलोमीटरवर क्रॉसिंगची सोय लागते. ती स्टेशनं कमी केली की सकाळची पॅसेंजर मालगाडीला वाट देत उभी राहते, आणि शाळा-कचेरीची वेळ चुकते. दोनदा वेळ चुकली की माणूस पुन्हा मोटारसायकलवर बसतो. मग गाडी रिकामी धावते आणि पुढच्या हिशेबात तीच बंद करण्यालायक ठरते. कमी खर्चात बांधलेली गैरसोय पुढे कमी मागणीचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

घाटाचा प्रश्न वेगळा. खामगाव आणि चिखली यांच्या उंचीत अडीचशे-तीनशे मीटरचा फरक आहे. शंभर मीटर अंतरात एक मीटर चढ धरला तरी एवढं चढायला पंचवीस-तीस किलोमीटर रूळ लागतो. चढ तीव्र ठेवला तर मार्ग आखूड होतो आणि बांधकामाचे पैसे वाचतात, पण मग मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावावं लागतं, आणि तो खर्च मार्ग असेपर्यंत रोजचा. त्यात बोथ्याच्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य आहे, दोनशे चौरस किलोमीटरचं. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालत तिथे येऊन राहिला होता. अभयारण्याला वळसा घालून मार्ग लांबला आणि महागला तर तो खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मेळघाटातून जाणाऱ्या अकोला-खंडवा मार्गाबाबतही हाच आग्रह धरला गेला: जंगलातून रुंदीकरण करू नका, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूनं बाहेरून न्या. वळसा महाग, पण त्या दोन तालुक्यांनाही गाडी मिळण्याची आशा त्याच वळशात आहे. महाग पर्याय म्हणजे उधळपट्टी, असं धरून चालत नाही.

ज्या काटकसरीचा मला रोज त्रास झाला ती मात्र फार लहान दिसते. आमच्या शिवाराजवळचं एक फाटक बंद करून तिथे रुळाखालून रस्ता काढला. वरून उड्डाणपूल महाग, खालून बोगदा स्वस्त. फाटकाची वाट पाहणं संपलं म्हणून लोक खूश झाले. पहिल्या मोठ्या पावसात त्यात कमरेइतकं पाणी भरलं. आमची जमीन काळी, भारी. पाणी मुरत नाही. निचऱ्याची नाली आणि उपसायचा पंप नंतर बघू, म्हणून राहिले. ऐन पेरणीत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या, आणि शाळेची पोरं रूळ ओलांडून जायला लागली. पुरेशी नाली आणि पंप यांना त्या कामाच्या मानानं किती पैसे लागले असते? नव्या मार्गावर असे भुयारी रस्ते कितीतरी होतील, आणि घाटावरची जमीनही बऱ्याच ठिकाणी अशीच आहे.

सगळ्यात मोठी उधळपट्टी होते ती थांबण्यात. शेजारच्या मराठवाड्यातलं उदाहरण समोर आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. दर वर्षी थोडे थोडे पैसे, कधी जमिनीचा प्रश्न, कधी वाट्याचा. अंदाज वाढत चार हजार आठशे कोटींवर गेला आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मंजुरीच्या वेळी शाळेत असलेली मुलं तोवर चाळिशीत पोचली. वर्षागणिक पैसे राखून ठेवण्यानं तिथे एक रुपयाही वाचला नाही.

आमच्या वरच्या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, ७०१ किलोमीटरचा, काही वर्षांत पूर्ण झाला. मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून गाड्या सुसाट जातात. ज्याच्याकडे कार आहे त्याला नागपूर-मुंबई जवळ आलं. माझ्या माहेरच्या गावातल्या मजुराला, विद्यार्थ्याला, दवाखान्यात निघालेल्या म्हातारीला त्या रस्त्याचा काय उपयोग? १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ त्याच महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. ती नागपूरहून पुण्याला निघालेली सामान्य घरांतली माणसं होती, त्यांत नोकरीला आणि शिकायला निघालेली तरुण मुलंही होती. राज्याकडे रस्त्याला पैसे होते. रेल्वेसाठी मात्र आम्हाला परतावा सिद्ध करावा लागतो.

केंद्रानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा, ७,१०० कोटींचा मार्ग मंजूर केला; तो भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जातो. त्या भागाचं भलं होणार, याचं समाधान आहे. पण तेव्हापासून आमच्याकडे काही लोक म्हणू लागलेत, की शेजारून एक मार्ग जातोय तर दुसरा कशाला. जालना-जळगाव मार्गावरून चिखलीची मुलगी अकोल्याला कशी पोचणार, हे त्यांनी नकाशा काढून सांगावं. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाख शहाऐंशी हजार होती. लोणारचं सरोवर, सिंदखेड राजाचं जिजाऊंचं जन्मस्थान वर आणि शेगाव खाली. दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाला, आणि वर्षभर शेगावला, लोटणारी गर्दी कुठल्या बस थांब्यावर उभं राहून मोजणार?

आणि बुलढाणा शहराचं काय, हा प्रश्न मी दादालाही विचारला. आखणी चिखलीवरून आहे. जिल्ह्याचं ठिकाण तिथून पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे मार्ग झाला तरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गावाला रेल्वे नाहीच. आज तिथे फाटा मागितला तर मूळ मार्गच रखडेल, हे दादाचं म्हणणं मला पटतं. पण चिखलीचं स्टेशन बांधताना पुढे फाटा काढता येईल एवढी जमीन आताच घेऊन ठेवायला हवी. नंतर तिथे वस्ती होईल आणि तीच जमीन दहापट भावानं घ्यावी लागेल.

मी आता निवृत्त झाले आहे. गाडी आली तरी रोज सकाळी ती पकडायची माझी वेळ गेली. पण हे वाचणारं जे कुणी चिखली, अमडापूर, देऊळगाव राजा किंवा मधल्या एखाद्या गावात राहत असेल, त्याला माझं सांगणं आहे. आखणीचे नकाशे आणि जमिनीच्या नोटिसा गावात येतील तेव्हा फक्त मोबदल्याचा भाव विचारून थांबू नका. ग्रामसभेत ठराव घ्या आणि लेखी विचारा: आपलं स्टेशन गावापासून किती लांब, तिथवर रस्ता कोण करणार, क्रॉसिंगची स्टेशनं किती, भुयारी रस्त्यातलं पाणी कुठे जाणार, सकाळी नऊच्या आत खामगावला आणि जालन्याला पोचणारी पॅसेंजर असणार की नाही. ही उत्तरं रूळ पडण्याआधी मिळवा. रूळ पडल्यानंतर स्टेशन हलत नाही.